पाच नावं, बारा वर्षं : महाराष्ट्राच्या व्यावसायिक हॉकी संघांची वाटचाल

मराठा वॉरियर्स, मुंबई मरीन्स, पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मॅजिशियन्स आणि दबंग मुंबई. २००५ ते २०१७ या बारा वर्षांत महाराष्ट्राच्या किंवा इथल्या शहरांच्या नावानं व्यावसायिक हॉकीत उतरलेले हे पाच संघ. त्यांतला एकही आज खेळत नाही. एखादी संस्था पंचवीस-पन्नास वर्षांची झाली की स्मरणिका काढते. माजी अध्यक्षांची छायाचित्रं, चषकांची यादी, देणगीदारांची नावं त्यात छापून येतात. या पाच संघांच्या वाट्याला तशी स्मरणिका येणार नाही, कारण त्यांना कार्यालय उरलेलं नाही, कार्यवाह नाही आणि सभासदांची वहीही नाही. प्रेक्षक मात्र होते, आणि त्यांतला एक मी. हॉकीवर जन्मभर जीव लावलेल्या माणसानं ही वाटचाल एकदा कागदावर उतरवून ठेवावी म्हणून हा लेख.

माझं गाव नाचणगाव. वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात, पुलगावला अगदी लागून. मुंबई-हावडा मार्गावरचं पुलगाव स्टेशन, तिथून आर्वीला जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी, कापडगिरणी आणि लष्कराचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार ही आमच्या परिसराची जुनी ओळख. भांडारामुळे देशभरची माणसं इथे येऊन राहत. कापसाच्या भावाशिवाय दुसरा विषय नसलेल्या आमच्या गावात हॉकीची चर्चा आली ती त्यांच्याकडून. १५ मार्च १९७५ या दिवशी क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा जसदेव सिंग यांचं हिंदी समालोचन ऐकायला रेडिओभोवती कोंडाळं बसलं होतं. सुरजित सिंगनं बरोबरी साधली, अशोक कुमारनं दुसरा गोल केला आणि भारतानं पाकिस्तानला २-१ असं हरवलं. ध्यानचंदांचा मुलगा विश्वचषक जिंकून देतो, ही गोष्ट आमच्या पिढीला आयुष्यभर पुरली. पुरवावी लागली, असंच म्हणायला हवं. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर गेली आणि भारत सातवा आला.

लीग येण्याआधी महाराष्ट्रात हॉकी पोटाला लावत नव्हती असं नाही. मुंबईत एक व्यवस्था होती आणि ती चांगली पक्की होती. आगाखान चषकासारखी स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. पुढे रेल्वे, बँका, इंडियन एअरलाइन्स, भारत पेट्रोलियम, आरसीएफ, महिंद्र अशा आस्थापनांचे संघ उभे राहिले. खेळाडूला पगार मिळे तो नोकरीचा. हजेरीपटावर तो कर्मचारी असे, दुपारनंतर मैदानावर. या व्यवस्थेनं काय दिलं याचा हिशेब मोठा आहे. मॉस्कोत १९८० साली भारतानं सुवर्णपदक जिंकलं त्या संघातले मर्विन फर्नांडिस आणि एम. एम. सोमय्या मुंबईच्या मैदानांवर खेळणारे. जोकिम कार्व्हालो मुंबईचे. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं तेव्हा कर्णधार होती पुण्याची एलायझा नेल्सन. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पुरुषांचा विश्वचषक मुंबईत झाला होता आणि गवतावर खेळला गेलेला तो शेवटचा विश्वचषक ठरला.

नोकरीच्या त्या व्यवस्थेत पोट भरायचं, पण खेळाची किंमत ठरत नसे. आंतरराष्ट्रीय सामना खेळल्याबद्दल मानधन मिळावं, ही मागणीसुद्धा उद्धटपणाची मानली जाई. धनराज पिल्लेच्या कारकिर्दीकडे मी याच नजरेनं पाहतो.

धनराज खडकीचा. जन्म १६ जुलै १९६८. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करणारे. मोडलेल्या स्टिका दोऱ्यानं बांधून भावंडं खेळायची. थोरला भाऊ रमेश आरसीएफकडून खेळायला मुंबईला गेला, त्यानं धनराजला तिकडे नेलं, आणि महिंद्रच्या संघात कार्व्हालोंच्या हाताखाली तो तयार झाला. १९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षं तो भारताकडून खेळला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. पण मुद्दा पैशांचा आहे. ज्या काळात भारतात हॉकीपटूला नोकरीवर समाधान मानावं लागे, त्या काळात हा माणूस लंडनच्या इंडियन जिमखान्याकडून, फ्रान्समध्ये लिऑंकडून, जर्मनीत स्टुटगार्टर किकर्सकडून, मलेशियातल्या क्लबांकडून आणि ढाक्याच्या अबाहनीकडून खेळत होता. तिकडे क्लब होते, क्लबांचे प्रेक्षक होते आणि चांगल्या खेळाडूला बोलावून आणण्याची रीत होती. खडकीच्या पोरावर परदेशातली गावं हक्क सांगत होती आणि त्याच्या स्वतःच्या राज्यात त्याला पैसे देऊन खेळवील असा एकही संघ नव्हता.

१९९८ साली बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली भारतानं आशियाई सुवर्ण जिंकलं. बत्तीस वर्षांनी जिंकलं. परतल्यावर काही ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर बसवण्यात आलं आणि त्यांत खुद्द कर्णधार होता. सामन्याच्या मानधनाबद्दल त्यानं उघड बोलणं अनेकांना रुचलं नव्हतं. त्या बातमीनं मला जितका संताप आला, तितका एखाद्या पराभवानंही आला नसेल. या खेळात स्वतःची किंमत मागण्याची सोय नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झालं. म्हणूनच व्यावसायिक लीगची बातमी आली तेव्हा मी ती मनापासून साजरी केली.

प्रीमियर हॉकी लीग जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. आयपीएलच्या तीन वर्षं आधी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. भारतात शहरांच्या नावाचे संघ, परदेशी खेळाडू, प्रकाशझोतातले सामने आणि दूरचित्रवाणीचा मसाला ही सगळी मांडणी क्रिकेटच्या आधी हॉकीनं करून पाहिली. भारतीय हॉकी महासंघानं दूरचित्रवाहिनीच्या मदतीनं भरवलेल्या या लीगमध्ये पहिल्या श्रेणीत पाच संघ होते. त्यांत आपला मराठा वॉरियर्स. धनराज या संघाकडून दोन हंगाम खेळला. वय छत्तीसच्या पुढे गेलेलं, केस वाऱ्यावर, आणि उजव्या बाजूनं चेंडू घेऊन तो निघाला की समोरचा बचाव अजूनही फाकायचा. सत्तर मिनिटांचा खेळ चार भागांत वाटलेला होता. तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली होती. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय हॉकीनंच चार भागांची पद्धत घेतली. काही बाबतींत ही लीग काळाच्या पुढे होती, हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

पहिलं अजिंक्यपद सोहेल अब्बासला घेऊन खेळणाऱ्या हैदराबाद सुलतान्सनं मिळवलं. आणि इथेच या वाटचालीतला पहिला मोठा दोष दिसतो. पहिला हंगाम सगळाच्या सगळा हैदराबादेत झाला. मराठा वॉरियर्स हे नाव घेऊन संघ उभा राहिला, पण मुंबई, पुणे, नागपूर यांतल्या एकाही गावाला तो घरचा वाटावा अशी तजवीज नव्हती. टीव्हीवर नाव आपलं, मैदान दुसऱ्याचं. नागपूरच्या माणसानं सामना बघायला जायचं तर हैदराबादची गाडी धरायची! चार हंगाम लीग कशीबशी चालली. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागो इथे ग्रेट ब्रिटननं भारताला ०-२ असं हरवलं आणि ऐंशी वर्षांत पहिल्यांदा भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला मुकला. प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो. दोष त्या एका माणसाचा नव्हता, पण राजीनामा त्यांनी दिला. पुढच्याच महिन्यात भारतीय ऑलिंपिक संघटनेनं महासंघ निलंबित केला, आणि महासंघाबरोबर लीगही गेली. मराठा वॉरियर्स संपल्याची बातमीसुद्धा कुणी धड छापली नाही.

त्यानंतरची चार वर्षं भांडणाची. नवी हॉकी इंडिया आणि जुना महासंघ, यांतली खरी संघटना कोणती, यावर खेळापेक्षा जास्त शाई खर्च झाली. त्या भांडणातून २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी जन्माला आली. जुना महासंघ एका बाजूला आणि आंतरराष्ट्रीय मान्यतेची मोहोर दुसऱ्या बाजूला. खेळाडूंपुढे पेच असा, की लीग खेळावी तर देशाच्या संघाचं दार बंद होण्याची भीती. आठ संघांच्या या लीगमध्ये महाराष्ट्राचे एकदम दोन होते, मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. सामने त्या त्या शहरांत खेळवले गेले, आणि हे पहिल्यांदाच नीट घडलं. चर्चगेटच्या महिंद्र स्टेडियमवर संध्याकाळच्या सामन्यांना ऑफिस सुटल्यावर लोकल पकडण्याआधी माणसं डोकावू लागली. पुण्याचा संघ तर थेट अंतिम फेरीत गेला आणि तिथे शेर-ए-पंजाबकडून २-५ असा हरला.

याच लीगमध्ये त्रेचाळीस वर्षांचा धनराज पुन्हा मैदानात उतरला. कर्नाटक लायन्सच्या जर्सीत. पुण्याचा संघ असताना खडकीचा धनराज कर्नाटकाकडून खेळतो, हे पाहताना मला त्याचा राग आला नाही. त्याला बोलावलं ज्यांनी, त्यांच्याकडे तो गेला. पण लीगच्या व्यवहारात गावाचं नाव नुसतं पाटीवर लागतं आणि माणसं त्या गावाशी बांधलेली नसतात, ते तेव्हा फार जवळून दिसलं. एप्रिलमध्ये ही लीग संपली. दुसऱ्या हंगामाची घोषणा झाली, तारखा पुढे गेल्या, हंगाम झालाच नाही. मरीन्स आणि स्ट्रायकर्स या दोन्ही संघांचं आयुष्य जेमतेम पाच आठवड्यांचं. त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये भारत बारा संघांत बारावा आला.

मग हॉकी इंडियाची अधिकृत लीग आली. १६ डिसेंबर २०१२ ला खेळाडूंचा लिलाव झाला. त्या लिलावातलं एक नाव माझ्या कायम लक्षात राहिलं, युवराज वाल्मीकी. मरीन लाइन्सच्या झोपडीवजा घरात वाढलेला, चर्चगेटच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावरचा मुलगा. २०११ मध्ये चीनमधल्या ऑर्डोस इथे आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध पेनल्टीच्या निर्णायक फेरीत त्यानं गोल केला, तेव्हा त्याच्या घरात वीजसुद्धा नव्हती. विजयानंतर ती आली. लिलावात त्याच्यावर साडेअठरा हजार डॉलरची बोली लागली आणि तो गेला दिल्ली वेव्हरायडर्सकडे. मुंबईचा संघ त्याच लिलावात बसलेला होता. महिंद्र स्टेडियमपासून पायी घरी जाईल असा मुलगा मुंबईच्या संघात नसणं मला आजही खटकतं. दिल्लीनं २०१४ साली लीग जिंकली, तेव्हा युवराजसाठी आनंद झाला आणि मुंबईसाठी हळहळ वाटली.

मुंबई मॅजिशियन्सची सुरुवात झाली ती वादळात. प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ आले होते. स्वतःच्या देशाच्या महिला संघाला दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि पुरुष संघाला विश्वचषक जिंकून देणारा माणूस मुंबईच्या मैदानावर उभा राहणार, याहून मोठं भाग्य कोणतं! पण जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवर आपले जवान मारले गेले आणि देशभर संताप उसळला. लीगमध्ये नऊ पाकिस्तानी खेळाडू होते, त्यांतले चार मुंबईच्या संघात. चर्चगेटच्या मैदानावर निदर्शनं झाली. नऊही खेळाडूंना परत पाठवण्यात आलं आणि मुंबईतले सामने दिल्लीला हलवण्यात आले. जवान गमावल्याचं दुःख आमच्या गावाला कुणी समजावून सांगायला नको. भांडाराशेजारी राहणाऱ्यांना लष्कराच्या घरातली काळजी ठाऊक असते. तरीही मुंबईच्या संघाला पहिल्याच वर्षी मुंबई मिळाली नाही, याची किंमत पुढे मोजावी लागली. प्रेक्षक आणि संघ यांची ओळख व्हायची ती पहिल्या हंगामात, आणि तो हंगाम परगावी गेला. चार खेळाडू ऐनवेळी कमी झालेला हा संघ पाचांत पाचवा आला. दोन हंगामांनंतर मालक गेले, नावही गेलं.

२०१५ मध्ये दबंग मुंबई आली. नवे मालक, नवी जर्सी, नवं नाव. पाचांमध्ये खेळाच्या दृष्टीनं मला सर्वांत आवडलेला संघ हाच. याच संघानं हरमनप्रीत सिंग नावाचा कोवळा बचावपटू एकावन्न हजार डॉलरला घेतला. पुढे टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला कांस्यपदकं मिळाली, त्यांत हरमनप्रीतच्या पेनल्टी कॉर्नरचा वाटा केवढा आहे ते सर्वांना ठाऊक आहे. पॅरिसला तो कर्णधार होता. त्या ड्रॅगफ्लिकची धार आम्ही महिंद्र स्टेडियमच्या निळ्या मैदानावर आधीच पाहिली होती. आघाडीला जर्मनीचा फ्लोरियन फुक्स. २०१७ च्या हंगामात हा संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. २६ फेब्रुवारीला चंडीगडला कलिंगा लान्सर्सनं त्याला ४-१ असं हरवलं.

तो सामना महाराष्ट्राच्या व्यावसायिक हॉकीचा आजवरचा शेवटचा सामना ठरला. लीग त्यानंतर सात वर्षं थांबली.

संघ टिकतात कसे, हे मला दुसऱ्याच एका हॉकीत दिसलं. माझा एक पुतण्या कॅनडात, टोरांटोजवळ राहतो. तिथली हॉकी म्हणजे आइस हॉकी. सहा-सहा खेळाडू, पायांत स्केट, चेंडूऐवजी रबराची चकती, वीस मिनिटांचे तीन भाग. मैदानाला चारी बाजूंनी कठडे असल्यानं चकती सहसा बाहेर जात नाही आणि खेळ क्षणभर श्वास घेऊ देत नाही. पुतण्यानं मला हा खेळ बघायला लावला तेव्हा आधी मारामाऱ्याच डोळ्यांत भरल्या. मग हळूहळू पास दिसू लागले, आणि कळलं की मोकळी जागा हेरून तिथे जाणारा खेळाडू बर्फावरही तोच असतो आणि गवतावरही तोच. टोरांटोचं आपल्या मेपल लीफ्स या संघावरचं प्रेम मात्र मी अभ्यासाचा विषय म्हणून पाहत आलो.

टोरांटो मेपल लीफ्सनं स्टॅन्ले चषक शेवटचा जिंकला १९६७ साली. तेव्हापासून दोन-तीन पिढ्या नुसत्या वाट बघत मोठ्या झाल्या, पण स्टेडियम भरतं. माँट्रियल कॅनेडियन्स हा क्लब १९०९ चा, म्हणजे नॅशनल हॉकी लीगपेक्षाही जुना, कारण लीग स्थापन झाली ती नोव्हेंबर १९१७ मध्ये. त्यांच्या नावावर चोवीस चषक आहेत. विजेत्या खेळाडूंची नावं चषकावर कोरली जातात आणि प्रत्येक खेळाडूला तो चषक एक दिवस आपल्या गावी नेता येतो. शनिवारी रात्री घराघरांत सामना लागतो, आधी रेडिओवर आणि १९५२ पासून टीव्हीवर. २००८ पासून तर हेच सामने पंजाबी समालोचनासह दाखवले जाऊ लागले आणि हरनारायण सिंग हे नाव तिथे घरोघरी झालं. परमुलखातला खेळ मायबोलीत ऐकू आला, की दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची पोरंसुद्धा आजोबांशेजारी बसून तो बघतात. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी क्रिकेटला मराठी आवाज दिला आणि क्रिकेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं. हॉकीला तसा आवाज मिळाला असता तर, हा विचार मनात येतोच.

कॅनडातही सगळं पहिल्या दिवसापासून जमून आलेलं नव्हतं, आणि हे सांगितलं पाहिजे. टोरांटोचा संघ आधी अरेनाज होता, मग सेंट पॅट्रिक्स झाला आणि १९२७ मध्ये मेपल लीफ्स. दहा वर्षांत तीन नावं, आपल्या मुंबईसारखीच. फरक पडला तो पुढे. नव्या मालकांनी नाव ठरवलं ते ठरवलं. १९३१ साली, मंदीच्या ऐन कडाक्यात, संघासाठी स्वतःचं स्टेडियम बांधलं. कामगारांना मजुरीचा काही भाग शेअरच्या रूपानं दिला आणि त्यांनी तो घेतला. विटा रचणाराच भागीदार झाला. पैशाचं गणित तिथेही क्रूर आहे. विनिपेगचा संघ १९९६ मध्ये उचलून अमेरिकेतल्या फिनिक्सला नेला, तेव्हा सामान्य माणसांनी तो वाचवण्यासाठी वर्गणी गोळा केली होती. ती पुरली नाही. पण त्या शहरानं आठवण सोडली नाही आणि २०११ मध्ये त्याला पुन्हा संघ मिळाला, जुन्या जेट्स याच नावाचा. मुंबई मॅजिशियन्स गेल्यावर मुंबईत कुणी वर्गणी काढली नाही. कशी काढणार? संघाची ओळख व्हायलाच अवकाश मिळाला नव्हता.

इतकं दूर जायचीही गरज नाही. आमच्या विदर्भाचं उदाहरण घरातलं आहे. विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो. किती दशकं तो दुबळा संघ म्हणूनच ओळखला गेला, पण नाव तेच राहिलं, नागपूर हेच घर राहिलं, अकादमी उभी राहिली, खापरखेड्याचा उमेश यादव भारताकडून खेळला. साठ वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भानं पहिला रणजी करंडक जिंकला. फैज फजल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, आणि अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. त्या पहिल्या विजयानंतर आमच्याकडे फटाके वाजले, ते फोडणाऱ्यांतल्या कित्येकांच्या वडिलांनी विदर्भाला फक्त हरताना पाहिलं होतं. संघाला हरायला वेळ मिळाला, म्हणूनच एक दिवस जिंकणं इतक्या लोकांचं झालं. महाराष्ट्राच्या हॉकी संघांना नीट हरण्याइतकाही वेळ कुणी दिला नाही. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मी जाहीरपणे करतो.

हॉकीत ओडिशानं काय केलं ते पाहा. २०१८ पासून राज्य सरकारनं राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं. त्या वर्षीचा विश्वचषक भुवनेश्वरला झाला, २०२३ चा भुवनेश्वर आणि राउरकेला इथे. राउरकेलाला त्यासाठी वीस हजारांवर प्रेक्षकांचं बिरसा मुंडा स्टेडियम उभं राहिलं. सुंदरगड जिल्ह्यातल्या आदिवासी गावांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू येतात, दिलीप तिर्की तिथलाच, आणि स्टेडियम त्यांच्या दारात आलं. दबंग मुंबईला हरवणारा कलिंगा लान्सर्स हा संघ २०१४ मध्ये सुरू झाला. सात वर्षांच्या खंडानंतर २०२४ च्या डिसेंबरमध्ये हॉकी इंडिया लीग पुन्हा भरली, तेव्हा तो त्याच नावानं परत आला.

पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. महिलांची लीग जानेवारी २०२५ मध्ये पहिल्यांदाच झाली. ओडिशा, दिल्ली, बंगाल आणि पंजाब-हरियाणाचा सूरमा असे तिचे चार संघ, आणि त्यांतही महाराष्ट्र नव्हता. ही गोष्ट मला अधिक लागते, कारण आज आपल्याकडे मुलींची हॉकी खरोखर बहरात आहे. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या साताऱ्याच्या फलटण भागातल्या शेतकरी घरांतल्या मुली भारताच्या जर्सीपर्यंत पोहोचल्या. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात वैष्णवी होती. उसाच्या मुलखातल्या मुलीनं स्टिक धरावी, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून शिकावं, देशाकडून खेळावं, आणि लीगमध्ये उतरायचं तर दुसऱ्या राज्याचं नाव छातीवर लावावं, हे महाराष्ट्राला शोभत नाही.

मैदानं आपल्याकडे आहेत. चर्चगेटला महिंद्र स्टेडियम, पुण्यात बालेवाडी, पिंपरीत नेहरूनगरचं ध्यानचंद स्टेडियम. नागपुरात विदर्भ हॉकी असोसिएशन आहे. पैसा मुंबईत किती आहे ते मी नाचणगावातून सांगायला नको. महाराष्ट्रातल्या उद्योगपतींना, हॉकी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना आणि राज्य सरकारच्या क्रीडा खात्याला माझी विनंती आहे. पुरुषांचा एक आणि महिलांचा एक, असे दोन संघ उभे करा. त्यात फलटणच्या आणि खडकीच्या मुलामुलींना आधी घ्या. पहिली दहा वर्षं नाव, रंग आणि घरचं मैदान बदलणार नाही असं लेखी जाहीर करा, मग संघ शेवटचा आला तरी चालेल. आणि दर हंगामात निदान दोन सामने नागपूरला ठेवा. पुलगावहून नागपूरला सकाळी गाड्या आहेत. आम्ही तिकीट काढून येऊ.